पाचवा उद्गार माझ्या वाट्याला आला

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत धर्माकडे परत वळणाऱ्या माणसांवरचा लेख वाचला. लेखकाचं म्हणणं असं, की चाळिशीनंतर माणूस देवाकडे वळतो तो एक तर दुखण्याला भिऊन, नाही तर एकटेपणाला कंटाळून. आणि एकदा वळला की डोकं वापरायचं सोडून देतो. मी चाळिशीतच परत वळलो. तेव्हा मला साधं बीपीसुद्धा नव्हतं. घरात बायको, दोन मुलं, आई. एकटेपणा मागूनही मिळत नव्हता. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री लावा, पण शेवटचा मुलाचा भाग कापू नका.

त्याआधी फोटोबद्दल. लेखाशेजारी उंच मनोऱ्याचं दगडी चर्च आणि काळ्या झग्यातला गायकवृंद छापला होता. असेल कुठे तरी. आम्ही नगरकडचे ख्रिस्ती. (शहराचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण तोंडातून नगरच निघतं.) अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ साली आलं, म्हणजे आमच्या घराण्यात मराठीतून प्रार्थना करायला लागून पाच-सहा पिढ्या झाल्या. आमच्याकडे पेटी-तबल्यावर पदं म्हणतात. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १९१९ मध्ये ते गेले. त्यांची पदं आम्ही आजही अभंगाच्या चालीत म्हणतो, आणि नाताळला आमच्याकडे केकच्या आधी करंज्या होतात. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती साधारण १० लाख ८० हजार निघाले, शंभरात एकसुद्धा पूर्ण नाही. त्यामुळे फोटो शोधताना तुमच्या लोकांचे हाल होत असतील हे मी समजू शकतो.

आता माझं. मी अडखळत बोलतो. लहानपणापासून. 'त' आणि 'प' हे माझे सगळ्यात मोठे वैरी, आणि मराठीत नेमकं घाबरलेल्या माणसाचं 'त त प प' होतं असं म्हणतात, म्हणजे भाषेनंच माझी नक्कल करून ठेवलेली. शाळेत मला 'किक' म्हणायचे. मी उत्तराला उभा राहिलो की मागच्या बाकावरून स्कूटर सुरू करण्याचा आवाज यायचा.

वडील मंडळीत पेटी वाजवायचे. मंडळी म्हणजे आमच्याकडे चर्चचा सगळा समाज. मी बारा वर्षांचा असताना त्यांनी मला दुसऱ्या तालुक्याच्या गावी एका आरोग्यसभेला, म्हणजे प्रार्थनेनं दुखणी बरी करण्याच्या सभेला, नेलं. मैदानात मांडव, हॅलोजनचे दिवे, त्यांच्याभोवती किडे. मला स्टेजवर चढवलं. बाहेरून आलेल्या उपदेशकानं माझ्या डोक्यावर हात दाबून मोठ्यानं प्रार्थना केली आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. म्हणाला, "बोल, तुझं नाव सांग." माझ्या नावाचं पहिलं अक्षर 'प' आहे. ओठ मिटले ते उघडेचनात. किती वेळ गेला असेल? दहा सेकंद असतील. लाउडस्पीकरमधून फक्त माझा श्वास ऐकू येत होता. मग त्यानं माइक काढून घेतला आणि पुढच्या बाईकडे वळला. खाली उतरल्यावर एका स्वयंसेवकानं वडिलांना बाजूला घेऊन सांगितलं, घरात विश्वास कमी पडतोय.

रात्रीच्या एसटीनं परतताना वडील एक शब्द बोलले नाहीत. पुढे कित्येक रविवार त्यांनी पेटीला हात लावला नाही. त्यांनी विश्वास सोडला नाही, मी सोडला. एकदम नाही. आधी संडेस्कूलला दांड्या मारल्या, मग उपासनेला फक्त नाताळ आणि ईस्टर, आणि विशीनंतर तेही नाही. भांडण कुणाशीच केलं नाही. भांडायला बोलावं लागतं.

डी.एड. केलं. शिक्षक व्हायचं होतं, असं म्हणायला आज लाज वाटत नाही, तेव्हा वाटायची. दोन मुलाखतींत नाव सांगतानाच अडकलो. दुसऱ्या ठिकाणी समोरच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाले, "असू द्या." त्यानंतर तिसरी मुलाखत दिलीच नाही. झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान टाकलं. या धंद्यात गिऱ्हाईक कागद पुढे करतं, बोटं दाखवतं, किती प्रती ते कळतं. वीस वर्षं लोकांच्या मार्कशीटा आणि प्रमाणपत्रं लॅमिनेट केली. स्वतःचं डी.एड.चं प्रमाणपत्र ट्रंकेत होतं, तसंच, कडा पिवळ्या पडलेलं. फोन बायको घ्यायची.

२०१८ च्या पावसाळ्यात वडील गेले. माती देताना मंडळी पद म्हणत होती आणि मीही म्हणत होतो. गाताना मी अडखळत नाही, कधीच नाही. पण तिथे मला काही झालं असं सांगणार नाही. त्या दिवशी फक्त दमलो होतो. झालं ते महिन्याभरानं. आई म्हणाली, यांची पेटी मंडळीला देऊन ये, घरात उंदीर भाता कुरतडतील. मी रविवारी मुद्दाम उशिरा गेलो, म्हणजे दारातच ठेवून परतता येईल. पण उपासना लांबली होती, आणि पेटी घेऊन दारात उभं राहणं जमेना, म्हणून मागच्या बाकावर टेकलो.

उपासना संपल्यावर एक आजी आल्या. आमच्यात भेटल्यावर 'सलाम' म्हणतात. "सलाम बाळ, पेटीवाल्यांचा ना तू? नाव काय तुझं?" माझे ओठ मिटले. आजी बघत उभ्या. वाक्य पुरं करून दिलं नाही, नजर वळवली नाही, डोळ्यांत ती दयाही आणली नाही जी मला शिवीपेक्षा जास्त लागते. मी नाव सांगून होईपर्यंत थांबल्या आणि म्हणाल्या, "छान." आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्यासाठी असं थांबलं, या विचारात मी घरी आलो. पुढे कळलं, आजींना दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. त्या सगळ्यांसाठीच थांबतात. असो. मी पुढच्या रविवारी परत गेलो.

पुढच्या दोन वर्षांतलं थोडक्यात. आमच्याकडे स्तोत्र आळीपाळीनं वाचतात, पाळकसाहेब (आमचे धर्मगुरू) एक ओळ, मंडळी एक ओळ. सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळला की मी घडाघडा वाचतो. आठवड्यातून दहा मिनिटं का होईना, मी इतरांसारखा बोलत होतो, आणि बोलत होतो तेही देवाशी, ज्याला माझं उरलेलं वाक्य आधीच ठाऊक असतं. बायबलमधल्या उधळ्या पुत्राच्या गोष्टीशी लोक माझी तुलना करतात, ती मला पटत नाही. त्यानं बापाची इस्टेट उडवली होती. माझ्याकडे उडवायला होतं काय? मी नुसता गप्प बसलो होतो.

विश्वासानं माझी जीभ सुटली नाही, हे तुमच्या लेखकाला आणि आरोग्यसभावाल्यांना एकदमच सांगतो. पाळकसाहेबांना मी ते मैदान, तो माइक सगळं सांगितलं. ऐकून घ्यायला त्यांना बराच वेळ लागला असणार. शेवटी त्यांनी विचारलं, "स्पीच थेरपिस्टला दाखवलंस का कधी?" मी नाही म्हणालो. ते म्हणाले, "प्रार्थना मी करतो. तू बस पकड."

मग वर्षभर दर शनिवारी दुकान बायकोवर टाकून पुणे. जायला तीन तास, यायला तीन, वाकडेवाडीला उतरून पुढे रिक्षा. थेरपिस्ट बाई चतुर्थीचा उपास करणाऱ्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, अडखळणं पूर्ण जाईल असं धरून चालू नका, त्याची भीती जाईल. पहिलं अक्षर हलकेच ओढून घ्यायला शिकवलं. मुद्दाम अडखळायला लावलं, भाजीवाल्यासमोर, रिक्षावाल्यासमोर. "पा-पा-पावशेर भेंडी." आणि फोन उचलला की आधी सांगायचं, मी अडखळतो, जरा थांबा. एवढ्या एका वाक्यासाठी मी चाळीस वर्षं घालवली होती. डोकं वापरणं मी सोडलं की सुरू केलं, हे वाचकांनी ठरवावं.

आमच्याकडे उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन उपासना असते. क्रुसावरचे येशूचे सात उद्गार सात जण वाटून घेतात आणि प्रत्येकावर दहा-पंधरा मिनिटं बोलतात. २९ मार्च २०२४ च्या उपासनेसाठी पाळकसाहेबांनी मला पाचवा दिला. पाचवा म्हणजे "मला तहान लागली आहे." 'त'. मी म्हटलं, साहेब, मुद्दाम केलंत ना? ते म्हणाले, चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मला अजून खरं वाटत नाही.

चार पानं लिहून नेली होती. स्टँडवर ठेवली तेव्हा घामानं वरचं पान हाताला चिकटून आलं. बाहेर ऊन, वर दोनच पंखे, बाकांवर बायकांच्या हातात वर्तमानपत्रांच्या घड्या. (तुमचंही होतं त्यात.) "मला" निघालं. मग 'त' वर जीभ दातांना टेकली आणि तिथेच राहिली. पंख्याची कुरकुर ऐकू येत होती. बारा वर्षांचा असतानाचा तो मांडव आठवला. पण इथे माइक काढून घ्यायला कुणी पुढे आलं नाही. पहिल्या बाकावरच्या आजी कानामागे हात धरून बसल्या होत्या. मी थेरपिस्ट बाईंनी शिकवल्याप्रमाणे थांबलो, श्वास सोडला, अक्षर ओढून घेतलं, आणि वाक्य पुरं झालं.

पुढे जे बोललो ते कागदावर नव्हतं. म्हटलं, तोंड कोरडं पडल्यावर शब्द निघत नाही म्हणजे काय, हे या सात बोलणाऱ्यांत मला जास्त ठाऊक असेल. क्रुसावरच्या त्या सहा तासांत त्याची सातच वाक्यं आपल्यापर्यंत आली. जो डोंगरावर लोकसमुदायाला तासन्‌तास शिकवायचा, त्याच्या वाट्याला शेवटी एवढंच आलं, आणि त्यातलं एक हे, पाणी मागणारं. याकोबाच्या विहिरीवर शोमरोनी बाईकडे त्यानं पाणी मागितलं होतं, तेव्हा दुपार होती. आताही दुपार. इथे मात्र आंबेत, म्हणजे आंबट द्राक्षारसात, बुडवलेला स्पंज मिळाला. बारा मिनिटांचं भाषण बावीस मिनिटं चाललं. सहाव्या उद्गाराला उभे राहिलेले बँकेतले निवृत्त गृहस्थ म्हणाले, "माझा वेळ यांना दिला, मी आटोपतं घेतो," आणि मग त्यांनीही वीस मिनिटं घेतली.

त्या जूनमध्ये मी ट्रंक उघडली. दुकानाच्या मागच्या खोलीत सातवी-आठवीची गणिताची शिकवणी सुरू केली. सहा मुलं आहेत. पैसे म्हणाल तर झेरॉक्समध्ये जास्त मिळतात. पहिल्या दिवशी मुलांना सांगितलं, मी अडखळतो, हसायचं असेल तर आत्ता दोन मिनिटं हसून घ्या. हसली. मग अपूर्णांक काढले. प्रमाणपत्र अजून लॅमिनेट केलेलं नाही, बायको रोज आठवण करते.

आणि आता तो मुलगा. रविवारी मी संडेस्कूलचा एक वर्ग घेतो. त्यात अकरा वर्षांचा एक आहे, माझ्यासारखाच. त्याच्या आईनं मला विचारलं, एक मोठी आरोग्यसभा आहे, नेऊ का याला? मी त्यांना माझ्या मैदानाची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितली. त्या रडल्या, मी थोडा रडलो. प्रार्थना घरी करा, मंडळीत करा, मीही करतो. पण अकरा वर्षांच्या पोराला माइकसमोर उभं करून त्याच्या देवाची परीक्षा घेऊ नका. आता ती दोघं इथल्याच एका थेरपिस्टकडे जातात, पुण्याची बस धरावी लागत नाही. तुमच्या वाचकांत असे आईबाप असतील, कुठल्याही धर्मातले. मैदानं सगळीकडेच असतात. त्यांच्यासाठी हा भाग.

नाताळच्या कार्यक्रमात प्रत्येक मुलानं एक शास्त्रपाठ वाचायचा असतो. मी त्याला लहानसा काढून दिला होता, मेंढपाळांचा. त्यानं परत आणून दिला. त्याला बायबलमधल्या मत्तयाचा पहिला अध्याय हवाय, येशूच्या वंशावळीचा. अम्मीनादाब, यहोशाफाट, जरुब्बाबेल. मी म्हटलं, अरे बाबा, बेचाळीस पिढ्या आहेत त्यात, मोठी माणसंसुद्धा तो पाठ टाळतात.

तो म्हणाला, "थां-थां-थांबतील की लोक."

आपला,
एक वाचक, सावेडी, अहिल्यानगर
(मुलाची ओळख पटू नये म्हणून माझं नाव छापू नये, ही विनंती.)