धाक नको, मान द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खेळाच्या बुटांच्या जाहिराती महागडा जोडा खपवण्यासाठी जिद्दीच्या गोष्टी सांगतात, हा आक्षेप खरा आहे. तरीही शाळेत मुलींना वर्षानुवर्षे खेळ शिकवल्यावर माझे ठाम मत झाले आहे, की सामान्य माणसाला घराबाहेर कसे काढायचे हे या जाहिरातवाल्यांना आपल्या आरोग्य मोहिमांपेक्षा चांगले कळले आहे.

नायके कंपनीने १९८८ मध्ये ‘जस्ट डू इट’ ही ओळ प्रथम वापरली. त्या मालिकेच्या पहिल्या जाहिरातीत कोणी विश्वविजेता नव्हता. बांधकामावर विटा वाहून पोट भरलेला, ८० वर्षांचा वॉल्ट स्टॅक सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावरून उघड्या अंगाने धावताना दिसतो. रोज सकाळी १७ मैल, म्हणजे सुमारे २७ किलोमीटर धावतो म्हणतो. थंडीत दात वाजत नाहीत का, असे लोक विचारतात. तर म्हणे दात लॉकरमध्येच ठेवून येतो! बुटाच्या तळव्याबद्दल अवाक्षर नाही. पाहणाऱ्याची ‘आता वय झालं’ ही सबब मात्र आपोआप गळून पडते, आणि ती पाडताना त्याला कोणी कमी लेखलेले नसते.

२०१२ च्या लंडन ऑलिंपिकची अधिकृत प्रायोजक नायकेची प्रतिस्पर्धी कंपनी आदिदास होती. तेव्हा नायकेने जगातली लंडन नावाची इतर गावे शोधून तिथली साधी माणसे दाखवली. त्याच मोहिमेत अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या लंडनचा १२ वर्षांचा, चांगलाच स्थूल मुलगा होता. निर्मनुष्य रस्त्यावरून तो दुरून धापा टाकत आपल्याकडे येतो. पावलांचा आवाज, आणि मोठेपण ही मोजक्या लोकांची मिरासदारी नाही असे सांगणारा निवेदक. बाकी काही नाही. मुलाच्या वजनाचे भांडवल केले, अशी टीका झाली. मला ती पटत नाही. शेवटी तो बारीक झालेला दाखवलेला नाही, हा त्या जाहिरातीतला सर्वांत मोलाचा निर्णय आहे. तो आज, आहे त्या शरीराने धावतो आहे, तेवढे पुरेसे मानले आहे.

आपल्याकडे २०१६ मध्ये याच कंपनीच्या जाहिरातीत दीपिका पदुकोणबरोबर हॉकीतली राणी रामपाल आणि आपल्या सांगलीची स्मृती मानधना होती. घामाने निथळणाऱ्या, दमलेल्या मुली पडद्यावर पाहून मला फार बरे वाटले होते. पण आपल्या बहुतेक जाहिराती पुन्हा नामवंत क्रिकेटपटूंकडेच वळतात. त्यांना पाहून माणूस टाळ्या वाजवतो आणि बसून राहतो.

सरकारी यंत्रणेला हे जमत नाही असेही नाही. ‘स्पोर्ट इंग्लंड’ या सार्वजनिक संस्थेने २०१५ मध्ये ‘धिस गर्ल कॅन’ ही मोहीम काढली. बायका व्यायामाला येत नाहीत याचे मोठे कारण ‘लोक आपल्याला नावे ठेवतील’ ही भीती आहे, हे त्यांनी आधी समजून घेतले. मग सर्व वयांच्या आणि आकारांच्या खऱ्याखुऱ्या बायका पोहताना, नाचताना, धापा टाकताना दाखवल्या. या मोहिमेमुळे व्यायाम सुरू केला किंवा वाढवला, असे १४ ते ४० वयोगटातल्या सुमारे २८ लाख स्त्रियांनी सांगितल्याचे संस्थेने नोंदवले.

आणि आपण? दवाखान्याच्या भिंतीवर हृदयाचे चित्र, साखरेचे आकडे आणि ‘व्यायाम करा, नाहीतर...’. पन्नाशीच्या बाईला मधुमेहाची भीती नंतर वाटते. कोपऱ्यावरच्या टोळक्याची आधी वाटते. बारामतीत नवऱ्याच्या उपचारांसाठी लुगड्यात, अनवाणी धावून शर्यत जिंकणाऱ्या लता करे आठवा. त्यांचे धावणे लाचारीतून आले होते, त्याचा कोणी गौरव करू नये. पण धावायला वेगळा वेश आणि वेगळे वय लागत नाही, हे त्यांनी साऱ्या महाराष्ट्राला दाखवले.

केंद्र सरकारची ‘फिट इंडिया’ ही तंदुरुस्तीची मोहीम २०१९ पासून सुरू आहे. आरोग्य खात्याने एसटी स्थानकांवर आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्या त्या तालुक्यातल्या चालणाऱ्या, कबड्डी खेळणाऱ्या, जाडजूड, पिकल्या केसांच्या बायकांची छायाचित्रे त्यांच्या संमतीने लावावीत. आपल्या रविवारच्या पुरवणीतही तंदुरुस्तीच्या सदरात अशा वाचकांना जागा द्यावी, आणि वजन किती उतरले हे त्यांना विचारू नये, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका, सातारा