किल्ली कशी बनते, तेही विचारा

महोदय,
मी एका पतसंस्थेच्या संगणक समितीवर आहे. सॉफ्टवेअरच्या प्रत्येक निविदेत ‘एईएस-२५६’ हे माहिती कुलूपबंद करणाऱ्या सांकेतिक पद्धतीचे नाव ठळक अक्षरांत असते. पण त्या कुलपाची किल्ली ज्या यादृच्छिक, म्हणजे कोणालाही अंदाज न येणाऱ्या, अंकांतून बनते ते कुठून येतात, हे कोणी लिहीत नाही. विचारले तर विक्रेते विषय बदलतात.

ही बाब किरकोळ नाही. २००६ मध्ये डेबियन लिनक्स या संगणक प्रणालीतल्या, अशा किल्ल्या बनवणाऱ्या ओपनएसएसएल सॉफ्टवेअरमधून काही ओळी वगळल्या गेल्या आणि यादृच्छिकतेसाठी जवळपास फक्त प्रोसेस क्रमांकाचा (चालू प्रोग्रॅमला संगणक देतो त्या क्रमांकाचा) आधार उरला. म्हणजे एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजार! कुलूप भक्कम, पण किल्ल्यांचा जुडगा चोराच्या हाती. हे उघड झाले थेट २००८ मध्ये.

मानकाचा शिक्काही पुरेसा नाही. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानके ठरवणाऱ्या संस्थेने स्वीकारलेल्या ‘ड्युअल ईसी’ या यादृच्छिक अंक बनवण्याच्या पद्धतीत चोरवाट असू शकते, हे दोन संशोधकांनी २००७ मध्येच दाखवले होते. ‘निस्ट’ने ती पद्धत वगळली २०१४ मध्ये, एडवर्ड स्नोडेन यांनी फोडलेली अमेरिकी हेरखात्याची कागदपत्रे बाहेर आल्यावर. याउलट एईएस १५ प्रस्तावांच्या जाहीर चिरफाडीतून निवडले गेले, म्हणून माझा त्यावर विश्वास आहे.

सहकार खात्याने निविदेच्या नमुन्यात ‘यादृच्छिक अंकांचा स्रोत’ हा रकाना सक्तीचा करावा आणि उत्तर तपासायला बाहेरचा जाणकार नेमायला लावावा.

– एक वाचक, कराड