युरियाला अनुदान, मग मेंढ्या बसवायला का नको?

महोदय,

हंगाम तोंडावर आला की युरिया-डीएपी या रासायनिक खतांच्या टंचाईच्या बातम्या सुरू होतात. रांगा खऱ्या आहेत, युरियासोबत नको ते गळ्यात मारणेही खरे आहे. पण मंगळवेढा-सांगोल्याकडच्या कोरडवाहू रानांचे दुखणे पोते मिळाल्याने बरे होत नाही. माती तपासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत 12 घटक असतात. आमची नजर जाते नत्र (नायट्रोजन)-स्फुरदावर (फॉस्फरस). सेंद्रिय कर्बापुढे (शेण-काडीकचरा कुजून मातीत येणारा कार्बन) 'कमी' लिहिलेले असते, ते वाचून पत्रिका घडी घालून ठेवली जाते. कर्ब नसेल तर जमीन ओल धरत नाही, आणि सामू (पीएच) आठच्या वर गेलेल्या चुनखडीच्या रानात जेमतेम ओलीवर विस्कटलेल्या युरियाचा बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो.

शेणखत घाला, असे सगळेच सांगतात. आणायचे कुठून? बैल गेले, ट्रॅक्टर आला. कडबा विकला जातो, धसकटे चुलीत जातात.

राहता राहिली मेंढरे. दिवसभर चरून आलेला कळप धनगर रात्री वाघर (जाळीचे कुंपण) लावून रानात बसवतो आणि दुसऱ्या रात्री वाघर पुढे सरकवतो. लेंड्या आणि मूत जागच्या जागी पडते, वाहतुकीचा खर्च नाही. मात्र मागोमाग कुळवाची पाळी घालून ते मातीआड करायला हवे, नाहीतर तोही नत्र उन्हात जातो. (वेड्या बाभळीच्या शेंगा खाऊन आलेला कळप बसवला तर पावसाळ्यात बाभळी उपटत बसावे लागते, हेही सांगून टाकतो.)

रासायनिक खत बंद करा, असे माझे म्हणणे नाही. स्फुरद, जस्त द्यावेच लागते. ते दोन चाड्यांच्या पाभरीने (एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत) पेरतानाच बियाण्याखाली पडावे, एवढेच.

युरियाची 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशांना मिळते, बाकीचा भार सरकार उचलते. कळप बसवायचे पैसे किंवा धान्य मात्र शेतकरी पदरचे देतो. खत अनुदानातला थोडा वाटा इकडे वळवावा, रात्रीमागे ठरावीक रक्कम द्यावी, आणि मेंढपाळांच्या वाटा व मोकळी राने यांची नोंद तालुक्याला ठेवावी. रब्बी ज्वारी निघाली की राने मोकळी होतात. निर्णय त्याआधी व्हावा.

– एक कोरडवाहू शेतकरी, ता. मंगळवेढा, जि. सोलापूर