मेणवलीच्या घाटावर आमचे फोटो काढणाऱ्या ताईंना

ताई, तुम्हाला थँक्यूचा मेसेज त्याच दिवशी केला होता पण तेवढ्याने माझं समाधान होईना, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. दीड-दोन वर्षांचं लेकरू घेऊन फॅमिली फोटो काढायचे म्हटलं की जी धाकधूक होते ती ज्यांच्या घरात असं पिल्लू आहे त्यांना बरोब्बर माहितीये, आणि तुम्ही आमची ती पार घालवलीत.

आम्ही एवढे धास्तावलेले का होतो तेही सांगते. पहिल्या वाढदिवसाला एका स्टुडिओत गेलो होतो, तिथे पिल्लूला टोपलीत बसवलं, डोक्याला फुलांचा बँड, समोर फ्लॅश, आणि दोघं जण खुळखुळे वाजवत "इकडे बघ, इकडे बघ" करतायत. पिल्लूने जे भोकाड पसरलं ते थेट गाडीत बसेपर्यंत. अल्बममध्ये रडून लाल झालेलं नाक आणि आमचे ओढूनताणून हसलेले चेहरे. त्यामुळे डिसेंबरमध्ये सगळे वाईला जमलेलो असताना सासूबाई म्हणाल्या की मेणवलीला घाटावर जाऊन फोटो काढू, तर हे आणि मी एकमेकांकडे बघतच राहिलो.

पण तुमचा फोनवरचा पहिलाच प्रश्न होता, "बाळ उठतं कधी आणि खातं कधी?" थीम काय, कपडे कुठले, काही नाही. संध्याकाळचं सोनेरी ऊन फोटोंना चांगलं असतं हे मी पण ऐकलेलं, पण आमचं पिल्लू पाच वाजले की किरकिरायला लागतं हे कळल्यावर तुम्ही एका मिनिटात सकाळ ठरवलीत. कोवळं ऊन सकाळी पण मिळतं, बाळाचा मूड मात्र संध्याकाळी मिळायचा नाही, असं म्हणालात. कपड्यांचं मीच विचारलं तेव्हा सांगितलंत की रोजचे मऊ सुती घाला, सगळ्यांनी एकसारखे नकोत, आणि भडक पोपटी किंवा लालभडक तर नकोच कारण उन्हात त्या रंगाची झाक चेहऱ्यावर येते. खाऊ म्हणून केळं आणि चुरमुरे, चॉकलेट अजिबात नाही. हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं हो!

घाटावर पोचल्यावर कॅमेरा काढायच्या आधी तुम्ही आम्हा सगळ्यांना उभं करून एक गोष्ट बजावलीत, की बाळ आणि पाणी यांच्या मध्ये कायम एक मोठं माणूस पाहिजे, ते फ्रेममध्ये आलं तरी चालेल, फोटो बिघडला तरी चालेल. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, कृष्णेला पाणी होतंच. मला तिथेच तुमच्याबद्दल जो विश्वास वाटला तो शेवटपर्यंत टिकला.

मग तुम्ही चक्क दगडी पायरीवर पालथ्या झोपलात. पिल्लूच्या उंचीवरून, बऱ्याच लांबून, मोठी लेन्स लावून. आणि आम्हाला म्हणालात माझ्याकडे कुणी बघूच नका, फोटोचं मी बघते, तुम्ही त्याच्याशी खेळा. पहिली दहा मिनिटं आम्ही अवघडलेले, यांचे हात कुठे ठेवायचे तेच यांना कळेना, पण पिल्लूला खडे दिसले, एकेक खडा उचलून आजोबांच्या हातात द्यायचा, आजोबांनी तो पाण्यात टाकायचा, डुबुक आवाज आला की पिल्लू दोन्ही हात वर करून ओरडणार, आणि हे एवढा वेळ चाललं की आम्ही कॅमेरा विसरलोच.

घंटेचा फोटो तर माझा सगळ्यात लाडका. मेणेश्वराच्या देवळापाशी ती मोठी पोर्तुगीज घंटा आहे ना, चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसईच्या विजयातली, नाना फडणवीसांच्या या घाटावर येऊन विसावलेली, तिच्यावर मेरी आणि तिच्या कडेवर बाळ येशू कोरलाय. यांनी पिल्लूला उचलून जवळ नेलं तर ते बोट लावून म्हणतं "बाळ!" सासूबाई मागून हसतायत, ह्यांचा चेहरा अर्धाच दिसतोय, पिल्लूचं बोट बरोबर त्या मूर्तीवर. असा फोटो पोज देऊन आयुष्यात आला नसता.

मध्येच ते रडलं, कारण काय तर पायातला बूट काढायचा होता. आम्ही लगेच समजूत काढायला, खुळखुळा शोधायला. तुम्ही कॅमेरा बाजूला ठेवलात आणि म्हणालात काढू दे की बूट, काही घाई नाही. केळं खाऊन झालं, सासूबाईंच्या पदरात तोंड लपवून "कुक" करून झालं, तेव्हाच कॅमेरा परत उचललात. त्या पदराआडच्या कुकचे फोटो आमच्या गावच्या घरी ओटीवर लागलेत. अनवाणी पायांचे पण.

परत निघताना मी मोबाईलवर काय करू विचारलं तर तुम्ही तिथेच उभं राहून शिकवलंत, आणि ते इथे मुद्दाम लिहितेय कारण बऱ्याच आयांना उपयोगी पडेल. आधी लेन्स पुसा, बाळाच्या उंचीला खाली बसा, झूम न करता दोन पावलं पुढे जा. डोक्यावर कडक ऊन असेल तर झाडाच्या सावलीत या, नाहीतर डोळ्यांखाली काळं येतं आणि बाळ डोळे बारीक करतं. पळणाऱ्या बाळाला पोर्ट्रेट मोड नको, हातांच्या कडा पुसट होतात, त्यापेक्षा बर्स्टवर, म्हणजे एकापाठोपाठ भराभर फोटो निघतात त्या मोडवर ठेवा आणि नंतर निवडा. आणि नाव घेऊन हाका मारू नका, ते जे करतंय ते करू द्या. मी आता घरी असंच काढते आणि खरंच फरक पडलाय, मुख्य म्हणजे पिल्लू मोबाईल बघून तोंड फिरवत नाही.

अजून एक राहिलं. दर फॅमिली फोटोत मी कॅमेऱ्यामागे असते, त्यामुळे पिल्लूसोबतचे माझे फोटो म्हणजे सगळे सेल्फी. तुम्ही ते विचारून घेतलंत आणि शेवटी बाकीच्यांना वडाखाली बसवून फक्त आम्हा दोघांना पायऱ्यांवर फिरायला लावलंत. माझे केस विस्कटलेले, ओढणीला केळं लागलेलं, आणि पिल्लू माझा कान ओढतंय. मी तो फोटो आईला पाठवला तर तिचा लगेच फोन आला, बराच वेळ नुसती त्या फोटोबद्दलच बोलत होती. त्याबद्दल तुमचे किती आभार मानू.

सासूबाईंनी निरोप सांगितलाय, वाईला याल तेव्हा घरी जेवायलाच यायचं, बाहेर कुठे जेवायचं नाही. पिल्लू आता "ताई फोटो" म्हणायला शिकलंय, तेही ऐकून जा.

तुमची,
पिल्लूची आई