लाल डोळ्यांवर थांबू नका म्हणणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

स. न. वि. वि.

गांजाचं व्यसन ओळखायचं कसं, यावर तुम्ही आखून दिलेलं दोन पानी टिपण आता समुपदेशनाच्या प्रत्येक टेबलावर आहे. त्याबद्दल मनापासून आभार. हे पत्र जाहीर लिहितोय, कारण त्यातलं बरंचसं घरच्यांनाही कळायला हवं.

लाल डोळे, कोरडं तोंड, अवेळी भूक या नशेच्या खुणा आहेत, व्यसनाच्या नाहीत, हे तुम्ही पहिल्याच ओळीत लिहिलंत. नशा काही तासांत उतरते. व्यसन दिसतं ते दोन वेळच्या ओढण्यामधल्या वेळात. लघवीच्या चाचणीचंही तेच. टीएचसी, म्हणजे गांजातला नशा आणणारा घटक, चरबीत साठून राहतो, म्हणून रोज ओढणाऱ्याची चाचणी बंद केल्यानंतर महिनाभरही पॉझिटिव्ह येऊ शकते, तर एखाद्याच वेळी ओढणाऱ्याची साधारण तीन दिवस. चाचणीच्या पट्टीवरून सेवन कळतं, अवलंबित्व नाही. घरचे मात्र पट्टी आणून समोर ठेवतात आणि बोलणं तिथेच तुटतं.

'रोज किती ओढतोस?' हा प्रश्न तुम्ही खोडून टाकलात, ते फार बरं झालं. एक तर माणूस कमीच सांगतो. शिवाय एकाचा जॉइंट (गांजा भरलेली विडी) आणि दुसऱ्याचा जॉइंट यांत माल किती आणि कसला, याचा मेळ लागत नाही. त्याऐवजी तुम्ही विचारायला लावलंत: उठल्यावर पहिला झुरका किती वेळाने? दोनच मारायचे ठरवून बसल्यावर कितीवर थांबलं? मागच्या वेळी बंद केलं, ते कितव्या दिवशी मोडलं? पूर्वी एकात भागायचं, त्याला आता किती लागतात? आणि खेळ, वाचन, जुने मित्र यांतलं काय काय गळून पडलं?

या प्रश्नांमागे 2013च्या डीएसएम-5 मधले, म्हणजे मानसिक आजारांच्या निदानासाठीच्या अमेरिकी पुस्तिकेतले, 11 निकष आहेत. 12 महिन्यांत त्यांतले 2 ते 3 जुळले तर व्यसन सौम्य, 4 ते 5 तर मध्यम, 6 किंवा जास्त तर तीव्र. म्हणजे फक्त रात्री ओढणारा, नोकरी सांभाळणारा माणूसही तीव्र गटात बसू शकतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध म्हणून घेणाऱ्याच्या बाबतीत मात्र वाढलेली सहनशक्ती आणि थांबवल्यावरचा त्रास हे दोन निकष धरायचे नाहीत, ही बारीक अक्षरातली टीपही तुमचीच.

सर्वांत जास्त कामाला आलं ते सोडल्यानंतरच्या दिवसांचं पान. 'गांजाची सवय लागत नाही, कधीही सोडता येतो' असं ठासून सांगणारे पुष्कळ. पण रोज ओढणाऱ्याने थांबवलं की एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, उदासी सुरू होते, भूक मरते, घाम येतो, डोकं दुखतं. पहिल्या आठवड्यात त्रास शिगेला पोचतो आणि बहुतेक दोन आठवड्यांत ओसरतो. झोपेचं मात्र निराळं. ती तुटक राहते, विचित्र, ठळक स्वप्नं पडतात, आणि हे महिनाभरही चालू शकतं. माणूस म्हणतो, 'बघा, गांजाशिवाय मला झोपच येत नाही.' अनेकदा ही झोप गांजा सुटल्यामुळेच उडालेली असते, आणि पुन्हा ओढण्याचं ते सर्वांत मोठं कारण ठरतं.

तंबाखूत मिसळून ओढणाऱ्यांसाठी तुम्ही वेगळी ओळ ठेवलीत. दोन्ही एकदम सुटलं की निकोटिनची तलफही त्याच दिवसांत उसळते, आणि दोन्ही त्रास एकात एक मिसळतात. म्हणून सिगारेटचा प्रश्न स्वतंत्र विचारायचा.

पुन्हापुन्हा उलट्या, पोटात कळा, आणि गरम पाण्याखाली उभं राहिल्यावरच आराम: ही खूण तर भलतीच चकवते. गांजाने मळमळ कमी होते असा समज असल्याने रोगी आणखी ओढतो आणि उलट्या वाढतात. पोटाच्या तपासण्या होत राहतात, गांजाचं कुणी विचारत नाही. यावर खरा उपाय पूर्ण बंद करणं हाच.

भास, कुणीतरी पाळतीवर असल्याचा संशय, किंवा जगणं नको वाटणं दिसलं, तर निकष मोजत बसायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यायचं. ही ओळ तुम्ही लाल शाईने लिहिलीत. बाकीच्यांसाठी समुपदेशन हाच मुख्य उपचार. गांजा सोडवणारी म्हणून मान्यता मिळालेली गोळी अजून नाही.

एक बदल आम्ही न विचारता केलाय. झोपेच्या नोंदीसाठी तुम्ही 14 रकाने आखले होते. पंधराव्या दिवशीही झोप आली नाही की लोकांना आपलंच काहीतरी बिघडलंय असं वाटतं, म्हणून आता 35 केलेत. चालेल ना?

तुमचे,
व्यसनमुक्तीच्या कामातले सहकारी