खुले पत्र: आमच्या संगणक-खोलीचं कुलूप काढा

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या वर्षी २६ जानेवारीला आपण आमच्या खाडीकाठच्या महाविद्यालयात संगणक-खोलीची फीत कापलीत. "सहा महिन्यांत इंटरनेट देतो," हा शब्द आपलाच. परवा आपल्या खात्याचं पत्र आलं, निधी अन्यत्र वळवला म्हणून. विचारायला गेलो, तर साहेब म्हणाले, "मास्तर, कोकणात चार महिने आभाळ दिसत नाही. इथे खगोलशास्त्र कशाला?"

तेव्हापासून मला झोप नाही.

आमची मुलं क्ष-किरणांतून दीर्घिकांचे, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या वसाहतींचे, समूह शोधतात. हे किरण हवेत शोषले जातात, जमिनीवरून लडाखच्या उंचीवरसुद्धा दिसत नाहीत. म्हणून दुर्बीण अवकाशात न्यावी लागते. समूहातल्या दीर्घिकांच्या मधल्या जागेत कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू असतो. समूहातले सगळे तारे एकत्र केले तरी या वायूचं वस्तुमान त्यांच्याहून जास्त भरतं, आणि तो क्ष-किरणांतच उजळतो. असे समूह मोजले की विश्वात एकूण द्रव्य किती आणि ते कसं साकळत गेलं, याचा हिशेब लागतो. 'इरोसिटा' ही जर्मन दुर्बीण २०१९ मध्ये निघाली आणि १५ लाख किलोमीटरवरून तिने सहा महिन्यांत आकाशाची पहिली फेरी पुरी केली. त्यातल्या अर्ध्या आकाशाची माहिती २०२४ च्या सुरुवातीला सगळ्यांना फुकट खुली झाली. त्यात १२ हजारांवर समूह आहेत. तिथे आमचा पाऊस आडवा येतो कुठे? आडवी येते ती न आलेली इंटरनेटची तार.

तार नाही म्हणून वर्षभर मी रात्री सड्यावर, गावामागच्या कातळी पठारावर, चढतो. रेंज तिथेच मिळते. पेन्शनमधून घेतलेला लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत, सोबत दोन-तीन मुलं. गेल्या श्रावणात शेवाळावरून घसरून मनगट मोडलं, प्लास्टर सुटेपर्यंत शर्टाची बटणं बायको लावत होती. त्याच दिवसांत एका मुलीने पडद्यावर बोट ठेवून विचारलं, "सर, बाकीचे ठिपके टाचणीच्या टोकाएवढे. हाच का विस्कटलाय?" वायू पसरलेला असतो म्हणून समूह पसरट दिसतो, हे तिने न शिकवता हेरलं होतं. त्याच जागेचं साध्या प्रकाशातलं चित्र काढून तिथे दीर्घिकांची गर्दी आहे का, ते बघायचं होतं. चित्र अर्धं उतरलं आणि रेंज गेली. तिची आई मासळीची टोपली घेऊन दारोदार फिरते. जूनपासून ही मुलगी मुंबईत एका दुकानात उभी असते.

हे एका खोलीपुरतं असतं तर मी पत्र लिहिलं नसतं. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे. त्या दुर्बिणीने तेवढ्यात निघून, अख्ख्या आकाशाच्या चार फेऱ्या मारून, काम थांबवलंसुद्धा. आमच्या वाट्याला खड्डे, रिकामी पदं आणि नारळ फोडायला येणाऱ्या गाड्या. पोरांनी मुंबई गाठायची आणि गणपतीला परत यायचं, एवढीच कोकणाची योजना सरकारकडे आहे का?

खोलीचं कुलूप खाऱ्या हवेने गंजलंय. कडीला आपण कापलेल्या फितीचा तुकडा अजून लटकतोय. किल्ली तालुक्याला आहे म्हणतात, तालुक्याला विचारलं तर जिल्ह्याला. ती कोणाकडे आहे, एवढं या आठवड्यात लेखी कळवा. मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक