उणे दोनशे चौदा कोटी कणसं

महोदय,

‘डेटा सायन्स’मधल्या नोकऱ्यांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. एका संगणक-भाषेतलं सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणक-भाषेतल्या संख्याशास्त्रीय प्रोग्रॅमशी जोडताना काय होतं, त्यावर त्यात अक्षर नाही. ते मी भोगलं आहे, म्हणून हे पत्र.

ज्वारीच्या प्रयोगांच्या आकडेवारीसाठी मी वर्षानुवर्षं ‘आर’मध्ये प्रोग्रॅम लिहिले. ऑकलंड विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी सुरू केलेली ही भाषा. निवृत्तीनंतर एका संस्थेने ते काम जावा या दुसऱ्या संगणक-भाषेतल्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये घ्यायचं ठरवलं. प्रोग्रॅमर मुलगा हुशार. म्हणाला, “मॅडम, प्रमाण विचलनच ना? दहा ओळींचं काम, मीच लिहितो.” प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत याचं माप.

चार वाफे, उत्पन्न 18, 20, 22, 24 किलो. ‘आर’चं उत्तर 2.58, त्याचं 2.24. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज त्याने चारने भागली होती. आकडे सगळ्यांचे नसून निवडक नमुन्याचे असतील तर एक कमी करून, म्हणजे तीनने भागायचं, हे आमची दुसऱ्या वर्षाची पोरंही सांगतात. वाफे चारच असले की एवढ्या फरकाने कुठलं वाण सरस याचा निकालसुद्धा फिरू शकतो.

मग ठरलं, हिशेब ‘आर’नेच करायचा, जावाने फक्त हाक मारायची. त्यासाठी ‘आरसर्व्ह’ आहे. सर्व्हरवर ‘आर’ चालू ठेवायचं, जावाकडून 6311 क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संपर्काच्या दारावर, आकडे पाठवायचे, उत्तर परत घ्यायचं. छान चाललं. आणि एका शनिवारी रानडुकरांनी फस्त केलेल्या वाफ्यात स्क्रीनवर -2147483648 कणसं उगवली! मुलाला घाम फुटला, मला हसू आवरेना. ‘माहिती नाही’ या अर्थाची ‘एनए’ ही खूण ‘आर’ पूर्णांकांमध्ये याच आकड्याने साठवतं. जावाला तो निव्वळ आकडा वाटला. मला विचाराल तर बरंच झालं. तिथे शून्य आलं असतं तर सरासरीत मुकाट मिसळून गेलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता.

संगणकाच्या आणि संख्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांना शेवटच्या वर्षी एक तरी प्रोजेक्ट एकत्र द्या, एवढीच महाविद्यालयांना विनंती. आम्ही दोघांनी आता एक कागद करून भिंतीला चिकटवला आहे: कुठला आकडा किलोत, कुठला क्विंटलमध्ये, आणि रिकामी चौकट आली तर तिचं काय करायचं.

— एक निवृत्त प्राध्यापिका, सातारा